हा तोच पक्षी कशावरून?

माझ्या ओळखीचे एक शिक्षक आहेत. त्यांच्या शाळेच्या आवारातल्या विजेच्या खांबावर दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक दयाळ गायला बसतो. पहाटेपासून त्याची शीळ सुरू होते ती शाळा भरेपर्यंत चालते. "गेली आठ वर्षं हा आमच्याकडे आहे," असे सर कौतुकाने सांगतात. मुलांनी त्याला नावही दिले आहे. एकदा सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पण हा तोच आहे कशावरून?" सरांना उत्तर देता आले नाही. त्यांनी तो प्रश्न माझ्याकडे पाठवला, आणि खरे सांगायचे तर मलाही त्या दयाळापुरते 'हो' किंवा 'नाही' असे सांगता आले नाही.

मुलीचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. गवळ्याला आपली प्रत्येक म्हैस ओळखू येते. वाघाच्या अंगावरचे पट्टे पाहून वाघ वेगळे काढता येतात. पण एक दयाळ नर दुसऱ्या दयाळ नरासारखाच दिसतो. म्हणजे आपण 'दयाळ' ही जात ओळखतो, 'हा दयाळ' ओळखत नाही. आणि पक्ष्यांविषयीचे कितीतरी प्रश्न 'हा' कळल्याशिवाय सुटतच नाहीत. लहान पक्षी किती वर्षे जगतो? जोडी टिकते की दरवर्षी मोडते? पिल्ले मोठी होऊन आपल्याच गावी राहतात की दूर जातात? हजारो वर्षे माणूस पक्षी पाहत आला, पण याची उत्तरे अंदाजानेच दिली जात होती.

हा अंदाजाचा खेळ पद्धतशीरपणे थांबवला तो एका शाळामास्तरांनी. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावी हान्स ख्रिस्तियन कोर्नेलियुस मॉर्टेन्सन नावाचे शिक्षक होते. त्यांनी इ.स. १८९० मध्ये दोन स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत जस्ताची कडी घालून पाहिली. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीचा चुलतभाऊ. पण जस्त जड पडले, पक्षी बेचैन झाले, म्हणून त्यांनी तो प्रयत्न सोडला. पुढे अ‍ॅल्युमिनियम सहज मिळू लागले. १८९९ साली त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या पट्ट्या वळवून १६५ स्टार्लिंगांच्या पायांत घातल्या. प्रत्येक पट्टीवर वेगळा क्रमांक होता आणि पत्ताही. पक्षी कुणाला सापडलाच तर त्याने कळवावे, एवढीच अपेक्षा. आज जगभर चालणाऱ्या या कामाची सुरुवात ती. इंग्लंडमध्ये त्याला रिंगिंग म्हणतात, अमेरिकेत बँडिंग. आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या पायात वाळा घालतात. त्यावरून मी इथे 'वाळा' हाच शब्द वापरणार आहे.

वाळा घालायचा तर पक्षी आधी हातात यायला हवा. त्यासाठी आज मुख्यतः अतिशय बारीक काळ्या धाग्याची जाळी वापरतात. जपानमध्ये अशी जाळी पक्षी पकडून खाण्यासाठी वापरली जात असे. पक्षिशास्त्रज्ञांनी ती दुसऱ्या महायुद्धानंतर उचलली. साधारण १२ मीटर लांब आणि अडीच मीटर उंच अशी ही जाळी झुडपांच्या कडेने दोन बांबूंवर ताणतात. सावलीत ती दिसतच नाही. आडव्या दोऱ्यांमध्ये जाळी मुद्दाम सैल ठेवलेली असते. त्यामुळे उडत आलेला पक्षी तिला धडकून खालच्या झोळात अलगद पडतो. दर वीस-तीस मिनिटांनी फेरी मारून पक्षी सोडवायचे, पाऊस, वारा किंवा कडक ऊन असेल तर जाळी गुंडाळून ठेवायची, हे नियम कुणीही मोडायचे नसतात.

पक्षी हातात धरण्याची एक ठरलेली रीत आहे. त्याची पाठ आपल्या तळव्याला टेकलेली आणि मान आपल्या तर्जनी व मधल्या बोटाच्या मध्ये. छाती दाबायची नाही. आपल्या छातीखाली असतो तसा श्वासपटल पक्ष्याला नसतो. त्याच्या छातीचे हाड पुढेमागे होते तेव्हाच हवा आतबाहेर जाते. घट्ट मूठ वळली तर पक्षी गुदमरून मरतो. वीस ग्रॅमचा जीव हातात असतो आणि त्याचे काळीज आपल्या बोटांना धडधडताना कळते. पहिल्यांदा हे काम करताना माझ्या हाताला पक्ष्यापेक्षा जास्त कंप सुटला होता.

नंतरचे काम पाच मिनिटांत आटपायचे. पायाची जाडी पाहून योग्य मापाचा वाळा निवडायचा आणि खास पकडीने बंद करायचा. तो पायावर सहज फिरला पाहिजे, पण निसटता कामा नये. (इथे मुलांना एक गोष्ट दाखवता येईल. पक्ष्याचा उलटा वाकलेला 'गुडघा' हा खरे तर घोटा असतो. त्याखालचा जो भाग आपण पाय समजतो ते लांबलेले पाऊल आहे. वाळा असतो तो तिथे.) मग पंखाची लांबी मोजायची, कापडी पिशवीत घालून वजन करायचे, पोटावरच्या पिसांवर फुंकर मारून चरबी किती आहे आणि अंडी उबवणाऱ्या पक्ष्याच्या पोटावर येतो तसा पिसे झडलेला भाग आहे का, ते पाहायचे.

वयही सांगता येते. अनेक लहान गायक पक्ष्यांत पिल्लाच्या कवटीचे हाड सुरुवातीला एकपदरी असते. काही महिन्यांत दुसरा पदर तयार होतो आणि दोहोंमध्ये बारीक खांब उभे राहतात. डोक्यावरची पिसे ओली करून बाजूला सारली की पातळ कातडीतून ते खांब पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. ठिपके पुरे झाले नसतील तर पक्षी यंदाचा. सुतारपक्ष्याचे वय मात्र पंख उलगडून पाहतात. तरुण सुतारपक्षी पहिल्या वर्षी पंखाच्या टोकाकडची मोठी पिसे बदलतो, पण त्या पिसांच्या मुळांवर पांघरलेली छोटी पिसे घरट्यातलीच ठेवतो. ती उन्हाने विटून तपकिरी पडतात आणि पुढच्या एक-दोन वर्षांत थोडी थोडी बदलतात. नव्या काळ्या पिसांत जुनी तपकिरी पिसे किती उरली यावरून पहिले, दुसरे, कधी तिसरे वर्षही ओळखता येते. अर्थात हे सारे सुतारपक्ष्याने बघू दिले तर. जाळ्यात तो आकाशपाताळ एक करतो, जिभेच्या टोकावरचे काटे धाग्यांत अडकवून घेतो आणि लाकूड फोडणाऱ्या चोचीने आपल्या बोटांची परीक्षा घेतो.

क्रमांकाच्या वाळ्याची एक अडचण आहे. तो वाचायला पक्षी पुन्हा हातात यावा लागतो. बदकांची शिकार होते, म्हणून त्यांचे वाळे परत मिळतात. चिमणीएवढा गायक पक्षी दूर कुठे झुडपात मरतो, मुंग्या त्याचा फडशा पाडतात. अशा लहान पक्ष्यांत शंभर वाळ्यांमागे एकाचीही दूरवरून खबर येत नाही. यावर उपाय म्हणजे क्रमांकाच्या वाळ्याबरोबर रंगीत वाळे घालणे. मग दुर्बिणीतून 'डाव्या पायात वर लाल, खाली पिवळा. उजव्यात वर धातूचा, खाली हिरवा' असे वाचता येते आणि पक्ष्याला पुन्हा हात लावावा लागत नाही. गणिताच्या तासाला हे जरूर घ्यावे. प्रत्येक पायात दोन म्हणजे चार जागा, त्यांपैकी एक धातूच्या वाळ्याची. उरलेल्या तीन जागांसाठी पाच रंग असतील तर ५ × ५ × ५ म्हणजे १२५ प्रकार, आणि धातूचा वाळा चारही जागी फिरवता येतो म्हणून एकूण ५००. पाच रंगांच्या प्लॅस्टिकमध्ये पाचशे पक्ष्यांची नावे मावतात!

या नावांचा उपयोग कसा करावा हे मार्गारेट मॉर्स नाइस या अमेरिकन बाईंनी दाखवून दिले. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात नदीकाठी त्यांचे घर होते आणि मागे झुडपांनी भरलेली पडीक जमीन. तिथे साँग स्पॅरो नावाचा पक्षी मुबलक होता. नावात स्पॅरो असला तरी तो आपल्या घरचिमणीच्या कुळातला नव्हे. रंगाने मातकट, छातीवर रेघा, पण गाण्यात वाकबगार. मार्च १९२८ मध्ये नाइसबाईंनी पहिल्या साँग स्पॅरोला वाळा घातला. त्यांच्याकडे ना विद्यापीठाची नोकरी होती ना प्रयोगशाळा. घरात मुली लहान, स्वयंपाक-धुणे हातचे. तरीही १९३६ पर्यंत त्या रोज पहाटे बाहेर पडून प्रत्येक पक्ष्याची दिनचर्या लिहीत राहिल्या. त्यांचा ग्रंथ १९३७ आणि १९४३ साली दोन भागांत निघाला.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध पक्षी म्हणजे '४-एम'. एम म्हणजे मेल, नर. १९२९ च्या वसंतात शेजाऱ्याशी हद्दीवरून झगडणारा हा नर ११ मे १९३५ रोजीही तिथेच होता. त्या दिवशी बाईंनी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत त्याचे गाणे मोजले. तो २,३०५ वेळा गायला. निदान सात वर्षांचा तो म्हातारा! आता हा आकडा मजेचा वाटेल, पण पायात वाळा नसता तर 'कोणीतरी एक पक्षी पुष्कळ गातो' यापलीकडे त्याला अर्थ उरला नसता.

खरी धक्कादायक गोष्ट वेगळीच होती. साँग स्पॅरो थंडीत स्थलांतर करतात की करत नाहीत? लोक म्हणत, काही करतात, काही करत नाहीत, दोन वेगळ्या जमाती असाव्यात. नाइसबाईंच्या नोंदींत दिसले की शेजारी शेजारी राहणाऱ्या नरांपैकी एक हिवाळाभर तिथेच थांबतो आणि दुसरा दक्षिणेला जातो. एवढेच नव्हे, एकच पक्षी एका वर्षी जातो आणि दुसऱ्या वर्षी थांबतो. मुलगा बापाचा कित्ता गिरवतोच असे नाही. गाण्याचेही तसेच. मुलांची गाणी बापाच्या गाण्यांशी जुळली नाहीत. गाणे रक्तातून येत नाही, ते ऐकून शिकले जाते, या पुढे सिद्ध झालेल्या गोष्टीकडे बोट दाखवणारा हा पुरावा होता.

आता आपल्या दयाळाकडे वळू. समशीतोष्ण प्रदेशातल्या लहान गायक पक्ष्यांवर घातलेल्या वाळ्यांवरून एक ढोबळ नियम निघाला आहे. पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्यांपैकी साधारण निम्मेच पुढच्या वर्षापर्यंत जगतात. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस. या हिशोबाने पहिल्या वर्षी गाणारा नर आठव्या वर्षी, म्हणजे सात वर्षांनी, हयात असण्याची शक्यता १२८ मध्ये एक. उष्ण प्रदेशातले पक्षी सहसा अधिक जगतात, म्हणून आपण दरवर्षी शंभरातले सत्तर जगतात असे धरू. तरीही सात वर्षांनी शंभरातले जेमतेम आठच उरतात. तेव्हा सरांच्या खांबावर आठ वर्षांत दोन-तीन मालक बदलले असावेत हे जास्त संभवनीय. जागा चांगली आहे, एक गेला की दुसरा येतो. आपल्याला खांब आणि गाणे तेच दिसते, म्हणून पक्षीही तोच वाटतो. पण ही झाली शक्यता. त्या मुलीला 'हो' किंवा 'नाही' असे सांगायला वाळाच हवा.

एवढे करून फक्त कुतूहल भागते का, असे कुणी विचारील. म्हणून एका सुतारपक्ष्याची गोष्ट जरा विस्ताराने सांगतो.

अमेरिकेच्या आग्नेय भागात लाँगलीफ नावाच्या पाइन वृक्षांची विरळ, गवताळ जंगले होती. एकेकाळी सुमारे नऊ कोटी एकर पसरलेली ही जंगले लाकूड, राळ आणि शेतीसाठी तुटत गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम तीस लाख एकर उरली. या जंगलात बुलबुलाएवढा एक काळापांढरा सुतारपक्षी राहतो. त्याचे इंग्रजी नाव रेड-कॉकेडेड वुडपेकर. नराच्या डोक्याच्या बाजूला लाल पिसांची एक बारीक रेघ असते, ती इतकी लहान की सहसा दिसतच नाही. १९७० साली अमेरिकेने त्याची नोंद नष्ट होऊ घातलेल्या जातींत केली.

बहुतेक सुतारपक्षी मेलेल्या, कुजक्या लाकडात ढोली कोरतात. हा एकटा जिवंत पाइनमध्येच कोरतो. जिवंत झाडाच्या बाहेरच्या लाकडातून चिकट राळ वाहते. थोडे कोरायचे, राळ सुकेपर्यंत थांबायचे, पुन्हा कोरायचे. आतला गाभा कठीण. तो एका बुरशीने मऊ झालेला असेल तर काम सोपे, पण ही बुरशी मुख्यतः ऐंशी-शंभर वर्षे वयाच्या झाडांतच सापडते. त्यामुळे एक ढोली पुरी व्हायला कित्येक वर्षे लागतात. झाल्यावर पक्षी दाराभोवती छोटी भोके पाडून राळ वाहती ठेवतो. ती खोडावरून ओघळते आणि झाडावर चढणाऱ्या धामणीसारख्या सापांच्या पोटाच्या खवल्यांना चिकटते, साप वर येऊ शकत नाही. कुटुंबातल्या प्रत्येक पक्ष्याला झोपायला स्वतःची वेगळी ढोली लागते.

कुटुंब हा शब्द मी मुद्दाम वापरला. घरट्यावर कधी कधी दोनाऐवजी तीन-चार मोठे पक्षी पिल्लांना भरवताना दिसत. ते कोण? उत्तर कॅरोलायनातील सँडहिल्स भागात जेफ्री वॉल्टर्स, फिलिप डोर, जे कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपासपासून शेकडो कुटुंबांतल्या पक्ष्यांना रंगीत वाळे घातले तेव्हा मिळाले. काम सोपे नव्हते. पिल्ले आठवड्याभराची असताना शिडीने झाडावर चढायचे, नळीच्या टोकाला लावलेल्या मऊ फासाने पिल्लू अलगद ढोलीबाहेर काढायचे, वाळे घालायचे, परत ठेवायचे. मोठे पक्षी ढोलीत झोपले असताना लांब काठीवरची जाळी दारावर धरून पकडायचे. मग वर्षानुवर्षे, प्रत्येक विणीच्या काळात, दुर्बिणीतून रंग वाचायचे.

वाचता वाचता घराघरांच्या वंशावळीच तयार झाल्या. मदत करणारे पक्षी बहुतेक आधीच्या विणीतले मुलगे निघाले. मुली पहिल्या वर्षीच घर सोडून जातात. मुलांपैकी काही जातात, काही थांबतात. थांबलेला मुलगा अंडी उबवायला बसतो, भावंडांना भरवतो, हद्द राखतो आणि बाप मेला की जागेचा वारस होतो. आणि अशा वेळी बहुधा त्याची आई घर सोडून दुसरीकडे जाते. आई आणि मुलाची जोडी टळते. पायातले रंग नसते तर पाहणाऱ्याला एवढेच दिसले असते की अमुक झाडावर गेल्या वर्षी जोडी होती आणि यंदाही आहे.

याच नोंदींतून एक कोडे पुढे आले. पिल्ले होत होती, मोठे पक्षी जगत होते, रिकामे जंगलही काही ठिकाणी शिल्लक होते. मग नवी कुटुंबे का वसत नव्हती? तरुण नर रिकाम्या जंगलात जाण्याऐवजी बापाच्या घरी वारशाची वाट का पाहत होते? वॉल्टर्स यांचा तर्क असा, की जंगल आहे पण घरे नाहीत. नव्या जागी ढोली कोरण्यात आयुष्याचा मोठा भाग जाणार. त्यापेक्षा तयार ढोल्या असलेल्या घरी रांगेत थांबणे फायद्याचे.

तर्क प्रयोगाने तपासला गेला. कॅरोल कोपियन यांनी जिवंत पाइनमध्ये यंत्राने ढोली पाडण्याची रीत बसवली. वीस रिकाम्या जागी अशा ढोल्या पाडल्या आणि तुलनेसाठी तशाच वीस जागा न पाडता ठेवल्या. ढोल्या पाडलेल्या वीसपैकी अठरा जागी सुतारपक्षी येऊन राहिले. न पाडलेल्या वीसपैकी एकाही जागी नाही. आलेल्यांचे वाळे वाचले तेव्हा त्यांत घरी थांबलेले काही मदतनीसही निघाले! (शिक्षकांनी या प्रयोगातल्या दुसऱ्या वीस जागांकडे मुलांचे लक्ष वेधावे. त्या नसत्या तर 'त्या वर्षी पक्षीच जास्त झाले असतील' असे कुणीही म्हणू शकला असता.)

योगायोग असा, की सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो नावाचे चक्रीवादळ दक्षिण कॅरोलायनातील फ्रान्सिस मॅरियन जंगलावर आदळले. तिथे या सुतारपक्ष्यांची मोठी वस्ती होती. एका रात्रीत शंभरातले ६३ पक्षी गेले आणि ढोल्यांची शंभरातली ८७ झाडे मोडून पडली. दहा वर्षांपूर्वी हे घडले असते तर हात जोडून बसण्याखेरीज काही करता आले नसते. आता काय करायचे ते माहीत होते. उरलेल्या झाडांत भोके पाडली, यांत्रिक करवतीने खोबण कापून तयार लाकडी पेट्या बसवल्या. उरलेले पक्षी त्यांत राहू लागले आणि वस्ती पुन्हा वाढली. पुढे ही रीत सर्वत्र वापरली गेली. वाळ्यांवरून नाते माहीत असल्याने एका जंगलातले तरुण नर आणि दुसऱ्या घरातल्या तरुण माद्या रात्री पकडून नव्या जंगलात, ढोलीच्या दाराला जाळी लावून, शेजारी शेजारी ठेवतात आणि पहाटे जाळी काढतात. जोडीला अधूनमधून जमिनीवरची हलकी आग लावून झुडपे आटोक्यात ठेवावी लागतात, कारण खालून ओक वाढले की हे पक्षी जागा सोडतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने या पक्ष्याला सर्वांत धोक्याच्या वर्गातून एक पायरी खाली आणले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ७,८०० कुटुंबे आज आहेत. मात्र अनेक ठिकाणी ही कुटुंबे माणसाने पाडलेल्या ढोल्यांच्या आधाराने राहतात आणि वादळे थांबलेली नाहीत. त्यामुळे ही बढती घाईची झाली असे म्हणणारेही आहेत. मला त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही.

वाळ्याने पक्ष्याला त्रास होत नाही का, हा प्रश्न मुले हमखास विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. योग्य मापाचा वाळा पक्ष्याच्या वजनाच्या मानाने अगदी हलका असतो. तरी चुकीच्या मापाने पाय जखमी होऊ शकतो, जाळीत अपघात होतात. आणखी एक अनपेक्षित गोष्ट याच सुतारपक्ष्यात आढळली. १९८८ साली दोन संशोधकांनी दाखवले की लाल वाळे घातलेल्या पक्ष्यांच्या घरट्यांतून कमी पिल्ले उडाली. या पक्ष्यात लाल ही नराची खूण असते हे आठवा. आपण ओळखीसाठी घातलेला रंग पक्ष्यांच्या भाषेतला शब्द ठरत होता. स्वतःच्या साधनाविरुद्धचा असा पुरावा त्याच क्षेत्रातल्यांनी छापावा, हे मला या शास्त्रातले सर्वांत आवडते पान वाटते.

वाळा काय सांगत नाही हेही लक्षात ठेवावे. घरट्यावर भरवणारा नर कोण हे वाळा सांगतो, पिल्लांचा जन्मदाता कोण हे नाही. त्यासाठी रक्ताचा थेंब घेऊन डीएनए तपासावे लागते. तसे केल्यावर या सुतारपक्ष्याच्या जोड्या जवळजवळ पूर्ण एकनिष्ठ निघाल्या. साँग स्पॅरोच्या घरट्यात मात्र काही पिल्ले शेजाऱ्याची निघतात!

आपल्या देशात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ च्या सुमारास सुरू केले. पहिले वाळे धार संस्थानात बदकांना घातले गेले. मोठ्या प्रमाणावर काम झाले ते १९५९ पासून, डॉ. सलीम अली यांच्या पुढाकाराने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. कारण होते माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात हा आजार सापडला. त्याचा विषाणू सायबेरियातल्या एका आजाराच्या विषाणूशी जवळचा होता, म्हणून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तो आला असेल अशी शंका होती. हजारो पक्ष्यांना वाळे घातले गेले, त्यांच्या प्रवासाबद्दल पुष्कळ कळले, पण आजाराचा आरोप त्यांच्यावर सिद्ध झाला नाही. गोवा आणि सिंधुदुर्गातल्या वाचकांना हा ताप आता ओळखीचा झाला आहे.

हे वाचून शाळेत पक्षी पकडण्याचा बेत मात्र करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तो गुन्हा आहे आणि न शिकलेल्या हातात पक्षी मरतो. सरांच्या दयाळासाठी मी वेगळा उपाय सुचवला आहे. मुलांनी मोबाईलवर दर आठवड्याला त्याचे गाणे ध्वनिमुद्रित करायचे, बसण्याच्या जागा नकाशावर मांडायच्या, पंखातले तुटके पीस, पायातले व्यंग अशा खुणा टिपायच्या. तुटके पीस पुढच्या पिसे झडण्याच्या काळापर्यंतच उपयोगी पडते, पण तेवढ्या महिन्यांपुरते तरी 'हा तोच' असे म्हणता येईल. वाळा असलेला पक्षी दिसला तर कोणत्या पायात, कोणते रंग, कोणत्या क्रमाने, कोणत्या दिवशी, कुठे, हे लिहून ठेवायचे. मेलेला सापडला तर वाळ्यावरचा क्रमांक आणि मजकूर जसाच्या तसा उतरवून मुंबईला सोसायटीकडे कळवायचे. जिवंत पक्ष्याच्या पायातून वाळा काढायचा नाही. ती मुलगी आता सातवीत आहे. तिच्या वहीत गेल्या फेब्रुवारीपासूनच्या नोंदी आहेत, आणि खांबावर जूनमध्ये एकाच वेळी दोन नर गाताना तिने पाहिले आहेत.